कुत्रं परसात रोज एकच जागा हुंगत बसतं: कारण कसं शोधायचं, काय करायचं

मागचं दार उघडलं की कुत्रं तडक एका कोपऱ्यात जातं. नाक जमिनीला, शेपूट स्थिर, हाक मारली तर कानही हलत नाही. ओढून आत आणलं तर पाच मिनिटांनी दाराशी परत कुंईकुंई. कधी तिथंच खड्डा करतं, कधी माती चाटतं. कधी लघवीसाठी म्हणून बाहेर न्यावं, तर अर्धा तास नुसतं हुंगतं आणि घरात येऊन फरशीवर मोकळं होतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडून ही तक्रार माझ्या कानावर येते. "कुत्राले काय व्हयनं, समजत नही भाऊ," अशी सुरुवात होते आणि शेवटी प्रश्न एकच असतो: हे बंद कसं करायचं?

माझं म्हणणं असं की बंद करण्याचा विचार आधी बाजूला ठेवा. जमिनीत, भिंतीत किंवा कुत्र्याच्या अंगात काहीतरी आहे म्हणून ते तिथं जातंय. ते सापडलं की सवय बहुतेक वेळा आपोआप सैल पडते. न शोधता नुसतं हुंगणं थांबवलं तर घूस तशीच राहते, विष तसंच राहतं, आणि तुम्हाला सांगणारं नाक मात्र गप्प होतं.

म्हणून काय करू नये ते आधी सांगतो, कारण त्यात कुत्र्यांचे फार हाल होतात. त्या जागेवर मिरची पूड पसरू नका. नंदुरबारच्या मिरचीचा ठसका आपल्याला स्वयंपाकघरात सोसवत नाही. कुत्रं तर नाक थेट मातीला लावतं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५० ते ६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात त्या २२ ते ३० कोटींपर्यंत जातात. त्या नाकात आणि डोळ्यांत तिखट जाणं ही शुद्ध यातना आहे. डांबरगोळ्या टाकू नका, त्या गिळल्या तर विषबाधा होते. फिनाईल ओतून वास गेला असं आपल्याला वाटतं, पण कुत्र्याला खालचा वास येतच राहतो आणि फिनाईल त्याच्या पायाला, तिथून जिभेला लागतं. चुन्याची फक्की ओल्या पंजांना पोळते. कंपाउंडवर टांगलेल्या लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्यांनी इजा होत नाही, पण उपयोगही होत नाही.

आधी आठवडाभर बघा

तीन गोष्टी टिपायच्या: जागा, वेळ आणि अंगाची ठेवण. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दोन-दोन शब्द लिहिले तरी पुरे. पण लिहा. घरातल्या चार माणसांना विचारलं तर चौघं चार वेळा सांगतात, आणि लिहिलेलं पाहिलं की खरी वेळ पाचवीच निघते.

वेळेचं आपल्या भागात विशेष महत्त्व आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी कुत्रं दिवसभर धापा टाकत असतं, आणि धापा टाकणं व हुंगणं ही दोन कामं त्याला एकदम नीट जमत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात त्याचं सगळं हुंगणं पहाटे आणि दिवेलागणीनंतर चालतं. पहाटेची गार हवा जमिनीलगत बसून राहते, वासही खालीच राहतात. तेव्हा एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला कुत्रं परसभर नाक लावून फिरलं तर त्यात काळजीचं काही नाही. काळजी करायची ती भर दुपारी, तापलेल्या जमिनीवर पाय भाजत असताना ते एका जागेवरून हलत नसेल तर. तिथं काहीतरी ताजं किंवा जिवंत आहे असं धरून चाला.

मृगाच्या पहिल्या सरीनंतरचे दोन-चार दिवसही वेगळे. कोरड्या मातीत दबून राहिलेले वास ओल आली की वर येतात. महिनाभर ज्या कोपऱ्याकडे कुत्र्यानं ढुंकून पाहिलं नाही, तिथं ते तासभर रमतं. हे ओसरू द्या.

आता अंगाची ठेवण. अंग सैल, शेपूट हलती, दोन मिनिटांत पुढच्या जागेकडे प्रस्थान: रोजची चौकशी चाललीय, मधे पडू नका. अंग ताठ, एक पुढचा पाय उचललेला, कान जमिनीकडे रोखलेले, मान मधूनच तिरकी: खाली हालचाल आहे. मानेवरचे केस उभे, पुढे जातं, भुंकतं, झटक्यात मागे सरतं: साप असू शकतो, लगेच कुत्र्याला बोलवा. जीभ लपलप, दात वाजतात, तोंडाला थोडा फेस, आणि सगळं लघवीच्या जागेवर: मादीचा वास आहे. हुंगतं, उकरतं आणि त्याच खड्ड्यात पोट टेकून पसरतं: त्याला गारवा हवाय, दुसरं काही नाही. ठिबकच्या नळीखालची ओली जागा कुत्री याचसाठी धरतात. मग नळीही चावली जाते. त्यावर ओरडण्यापेक्षा कडुनिंबाच्या सावलीत वाळूचा एक वाफा करून रोज सकाळी त्यावर पाणी मारा, कुत्रं दोन दिवसांत तिथं सरकेल.

नाक कसं चालतं तेही बारकाईनं बघा. वासाचा माग लागला की कुत्रं सेकंदाला चार-पाच वेळा हवा आत ओढतं. बाहेरची हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून जाते, म्हणजे नवा वास आत येताना जुन्या श्वासात मिसळत नाही. बारीक धुळीत नाकाच्या दोन्ही बाजूंना माती उडताना दिसते. अशी माती एकाच ठिकाणी रोज उडत असेल तर तिथं आपल्याला बघायचंय.

बहुतेक वेळा: बीळ

आपल्याकडच्या परसात पहिला संशय घुशीवर आणि उंदरावर घ्यावा. कारण सोपं आहे. मागं मोरीचं पाणी जातं, तिथं केळीचं बेट किंवा शेवगा असतो, भिंतीला टेकून पराट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, ढीग असतो, पडवीत दादर ज्वारीची पोती आणि गुरांची सरकी पेंड. घुशीला यापेक्षा चांगली जागा कुठं मिळणार?

बीळ चालू आहे की जुनं, हे ओळखायची शेतात वापरतात तीच रीत इथंही वापरा. संध्याकाळी सापडतील तेवढी तोंडं ओल्या मातीनं लिंपून टाका. सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील ती चालू बिळं. घुशीच्या बिळाबाहेर ताज्या भुसभुशीत मातीचा ढिगारा असतो, आसपास लेंड्या असतात. साप बीळ खणत नाही, उंदराचंच वापरतो. म्हणून मातीचा ढिगारा नाही, तोंड गुळगुळीत आहे आणि आसपास कातीचा तुकडा दिसला, तर हात मागे घ्या. हे सगळं काम बूट घालून, बॅटरी आणि लांब काठी घेऊनच करायचं, आणि तेवढा वेळ कुत्र्याला घरात बांधून ठेवायचं. त्याचा उत्साह पाहून "दाखव बाळा, दाखव" म्हणत त्याला पुढं घालणारे लोक असतात. कुत्र्यांना सर्पदंश बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो तो याचमुळे: आधी नाक जातं, मग पंजा.

उपाय घुशीच्या पोटापासून सुरू करा. धान्य आणि पेंड झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात. कुत्र्याचं भांडं रात्री आत. उरलेली भाकरी परसात टाकणं बंद. पराट्यांचा ढीग भिंतीपासून हात-दीड हात लांब, आणि जमिनीवर नको, दगडांवर किंवा फळ्यांवर उचलून रचा. मोरीच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी. चालू बिळांत आधी पिंजरा लावा, घूस गेली की मग खडी-सिमेंट भरा. घूस आत असताना तोंड बुजवलं तर ती शेजारी दुसरं तोंड काढते आणि कुत्रं तिथं बसायला लागतं. मग लोक म्हणतात, "कोपरा बदलला, सवय तीच."

धाब्याच्या जुन्या घरांत एक अडचण जास्त असते. भिंत मातीची आणि जाड, त्यामुळे घूस आतूनच फिरते आणि कुत्रं जमीन सोडून भिंतीचा पाया हुंगत बसतं. अशा वेळी बाहेर कितीही शोधा, काही सापडत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला पिंपं, पेट्या सरकवून बघा.

पावसाळ्यात घुशीचा प्रश्न नुसत्या खड्ड्यांपुरता राहत नाही. तिच्या लघवीतून ओल्या मातीत लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू येतात आणि ते कुत्र्याला आणि माणसालाही बाधतात. ती माती चाटणारं कुत्रं एकाएकी सुस्तावलं, ताप आला, उलट्या झाल्या, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला, तर "माती खाल्ली असेल" म्हणून थांबू नका. बऱ्याच एकत्रित लसींत लेप्टोचा भाग असतो. तुमच्या कुत्र्याला दिलेल्या लसीत तो आहे का, हे कार्डवर बघून घ्या.

साप दिसलाच तर मारायला धावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे सापांना संरक्षण आहे, आणि मारायला गेल्यावरच जास्त माणसं चावून घेतात. कुत्रं आत, दार बंद, लांबून नजर ठेवायची आणि गावातल्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. कुत्र्याला दंश झाला असेल तर तोंड किंवा पाय झपाट्यानं सुजतो, लाळ गळते, पापण्या खाली येतात, मागचे पाय लटपटतात. त्याला चालवू नका, उचलून न्या. दोरी आवळणं, चिरा देणं, हळद भरणं यात वेळ जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवरचं जे प्रतिविष माणसाला देतात तेच कुत्र्यालाही चालतं. ते कोणाकडे आहे हे आजच दोन-तीन डॉक्टरांना फोन करून विचारून ठेवा. रात्री अकरा वाजता ही चौकशी करायला लागू नये.

खत, औषध आणि उंदराचं विष

नाक जमिनीला लावून कुत्रं माती *खायला* लागलं, आणि हे गुलाबाच्या कुंड्या, पेरू किंवा लिंबाच्या आळ्यात चाललं असेल, तर त्या आळ्यात काय घातलंय ते विचारा. बोनमील (हाडांचा चुरा), कोंबडखत, मासळीचं खत यांचा वास कुत्र्याला जेवणासारखा लागतो. यांपैकी बहुतेकांनी पोट बिघडतं आणि सावरतं. पण एरंडी पेंड वेगळी आहे. एरंडीच्या बियांतलं रायसिन हे विष पेंडीतही राहू शकतं, आणि कुत्री ती आवडीनं खातात, विशेषतः बोनमीलमध्ये मिसळलेली असली तर. काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या, रक्ताचे जुलाब, पोट दुखणं सुरू होतं, आणि मग डॉक्टरांच्याही हातात थोडंच उरतं. माझं स्पष्ट मत आहे: कुत्रं असलेल्या परसात एरंडी पेंड आणूच नये. शेणखत, गांडूळखत वापरा. आधीच घातली असेल तर वरची माती काढून टाका आणि आळ्याला जाळी लावा.

कपाशीवर फवारणी करणाऱ्या घरांत आणखी एक जागा तपासायची: पंप कुठे धुतला जातो? मोरीपाशी धुतला असेल तर ते पाणी जिथं मुरतं तिथं कुत्रं हुंगतं, चाटतं. रिकाम्या बाटल्या, सांडलेलं औषध, फवारणीचे कपडे हेही त्यातच आलं. लाळेच्या धारा, बाहुल्या अगदी बारीक, अंगाला थरथर, धाप: ही विषबाधेची लक्षणं आहेत आणि यावर डॉक्टरांकडे इलाज आहे, पण मिनिटं महत्त्वाची. पंप शेतातच, विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब धुवा.

उंदराच्या विषाचं तर मला कळवळून सांगावंसं वाटतं. घूस झाली म्हणून विष ठेवलं, आणि आमिषाच्या वासानं आधी कुत्रंच गेलं, अशा किती घरांचं रडणं ऐकलंय. काळपट पावडर असलेलं झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार करतं. ते खाल्ल्याचा संशय आला तर दूध, तूप, भाकरी काही देऊ नका. अन्नानं आम्ल वाढतं. गाडीत नेताना काचा उघड्या ठेवा, कारण उलटीतून निघणारा वायू आपल्यालाही बाधतो. निळ्या-हिरव्या वड्या असतात त्या बहुधा ब्रोमॅडिओलोनच्या. त्यात फसगत अशी की पहिले दोन-चार दिवस कुत्रं अगदी ठणठणीत दिसतं, मग हिरड्यांतून, नाकातून, शीच्या वाटे रक्त जायला लागतं. वडी खाल्लेली कळली तर लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावर व्हिटॅमिन के-१ चा उपाय आहे आणि तो काही आठवडे चालवावा लागतो. विषाचं वेष्टन बरोबर न्या. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा प्रयत्न करू नका, त्यानं दुसरंच विष पोटात जातं.

मेलेला उंदीर किंवा घूस परसात पुरली असेल तर कुत्रं ती जागा उकरणारच. विषानं मेलेली असेल तर ते शव खाणं हाही धोका आहे. पुरायचं तर परसाबाहेर, खोल, वर दगड ठेवून.

भरीत आणि आंबे

हिवाळ्यात परसात पराट्या पेटवून बामणोदची वांगी भाजली, सगळे जेवले, राख तिथंच राहिली. दुसऱ्या दिवसापासून कुत्रं राखेत नाक घालून बसतं. तेल, वांग्याची सालं, शेंगदाणे यांचा वास आठवडाभर टिकतो. सालांबरोबर पातीचा कांदा आणि लसूण पडलेला असतो, तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. राख गार झाली की भरून उचला.

आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पुढं आंब्याच्या कोयी. गोड वासानं कुत्रं कोय चघळतं आणि कधी गिळूनही टाकतं. ती आतड्यात अडकली तर ऑपरेशनशिवाय सुटका नाही. उलट्या थांबत नाहीत, शी होत नाही, पोटाला हात लावू देत नाही, तर एक्स-रे काढा. कोयी परसात फेकायची सवय घरातल्या लहान-थोर सगळ्यांनीच सोडायला हवी.

फाटक आणि कंपाउंड

हुंगणं फाटकाशी, तारेच्या खांबाशी किंवा भिंतीच्या एकाच कोनाशी असेल, आणि हुंगून झाल्यावर पाय वर करून दोन थेंब टाकणं, मग मागच्या पायांनी माती उडवणं असा क्रम असेल, तर बाहेरची कुत्री तिथं मुतून जातात. त्या थेंबांतून कोण आलं होतं, नर की मादी, मादी माजावर आहे का, हे कुत्र्याला कळतं. टाळूवर, वरच्या पुढच्या दातांच्या मागं, यासाठी वेगळं इंद्रिय आहे. म्हणून ते नुसतं हुंगत नाही, चाटतंही. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि तो काळ तीनेक आठवडे चालतो. तेवढे दिवस नर खाणं सोडतो, रात्रभर फाटक सोडत नाही. हे ओरडून थांबत नाही. तेवढे दिवस फाटक पक्कं ठेवा, संध्याकाळी पट्ट्यानं लांब फिरवून आणा, आणि पिल्लं नको असतील तर नसबंदीचं डॉक्टरांशी बोला.

जागेचा वास काढायचा असेल तर फरशीवर एन्झाइमवाली कपडे धुण्याची पावडर आणि मग साधं भरपूर पाणी. अमोनियाचा वास असलेलं काहीही नको, कारण लघवीलाही तोच वास असतो. मातीत असेल तर वरची चार बोटं माती काढा, दोन दिवस ऊन लागू द्या, नवी माती टाका.

घरात लहान पिल्लू असेल तर मात्र बाहेरच्या कुत्र्यांनी घाण केलेल्या जागेपासून त्याला लांबच ठेवा. पार्व्हो या आतड्याच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो. लसीचे सगळे डोस, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचं वय, होईपर्यंत त्याला धुतलेल्या फरशीवर किंवा घरच्याच कोरड्या, स्वच्छ कोपऱ्यात फिरवा.

बाहेर नुसतं हुंगतं, आत येऊन मुततं

यात बहुतेक वेळा आपली एक सवय आड येते. कुत्र्यानं लघवी केली रे केली की आपण "चल आत" म्हणतो. कुत्रं शिकतं की लघवी झाली की बाहेरची मजा संपते, म्हणून ते लांबवतं. क्रम उलटा करा. पट्टा लावून रोज त्याच एका जागी न्या, उभे राहा, बोलू नका. पाच ते दहा मिनिटं हुंगू द्या. हुंगल्याशिवाय बहुतेक कुत्री मोकळी होत नाहीत. लघवी झाली की लगेच शाबासकी, खाऊचा तुकडा, आणि *मग* पट्टा सोडून परसभर मनसोक्त फिरू द्या. दहा मिनिटांत झाली नाही तर आत आणा, नजरेसमोर ठेवा, पंधरा-वीस मिनिटांनी परत न्या. दहा-बारा दिवस घरातल्या सगळ्यांनी हेच केलं तर फरक पडतो. एकानं केलं आणि दुसऱ्यानं नुसतं दार उघडून सोडलं तर पडत नाही.

पण कुत्रं सारखं बसतंय, थेंब-थेंब येतंय, रक्ताचा रंग आहे, तर हे हुंगण्याचं प्रकरण नाही, मूत्रमार्गाचा त्रास आहे. जोर करूनही लघवी येतच नसेल तर त्याच दिवशी दवाखाना.

नाकात गेलेलं कुसळ

दिवाळीच्या सुमारास गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. गवतात नाक घातलेल्या कुत्र्याला एकाएकी शिंकांची उबळ येते, ते पंजानं नाक घासतं, एकाच नाकपुडीतून रक्ताचा थेंब येतो. कुसळाची रचना अशी की ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. चिमटा घालून ओढायला गेलात तर आणखी आत जातं. डॉक्टर गुंगी देऊन काढतात. परसातलं गवत फुलोऱ्यावर यायच्या आत कापा.

नाकातून रक्त आलं आणि शिंका नाहीत, पण अंगावर गोचीड आहेत, ताप आहे, खाणं कमी झालंय, तर गोचीड तापाची तपासणी करून घ्या. आपल्याकडे हा आजार खूप आहे, आणि "काहीतरी हुंगताना लागलं असेल" म्हणून त्यात दिवस वाया जातात. गोचीड नुसती अंगावरची काढून भागत नाही. भिंतीच्या फटी, झोपायची जागा, गोठा, सगळीकडे बघावं लागतं.

पहिल्या पावसात खरबरीत पाठीचे मोठे बेडूक येतात. कुत्रं हुंगतं, तोंडात धरतं आणि लगेच फेस काढायला लागतं. मान खाली करून तोंडाच्या एका बाजूनं पाण्याची धार सोडा, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर पडेल. ओल्या फडक्यानं हिरड्या पुसा. फेस थांबला नाही किंवा अंग थरथरलं तर डॉक्टर.

म्हाताऱ्या कुत्र्यानं एकाएकी हुंगणं वाढवलं, भिंतीला धरून चालायला लागलं, तर नजर तपासा. कापसाचा एक बोळा त्याच्या डोळ्यांसमोर वरून खाली सोडा. आवाज होत नाही, वाऱ्याचा झोत लागत नाही, त्यामुळे नजर चांगली असेल तरच डोळे बोळ्याबरोबर खाली जातात. नाही गेले तर ते आता नाकानंच वाट काढतंय. परसातलं सामान हलवू नका. कोपऱ्यात जाऊन अडकून उभं राहत असेल, रात्री जागत असेल, तर वयानं मेंदू थकल्याचंही असू शकतं. औषधानं थोडा आराम पडतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल, चोपडा, शहादा, तळोदा भागात, शेजारी ऊस किंवा केळी असेल तर आणखी एक शक्यता ध्यानात ठेवा. रात्री कुत्रं कंपाउंडकडे तोंड करून हवेत वास घेतं, गुरगुरतं, पण पुढं जात नाही, उलट तुमच्या पायांत शिरतं. बिबट्या असू शकतो. कुत्र्याला रात्री परसात बांधून ठेवू नका. बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही.

हुंगायला हक्काचा वेळ

कारण सापडलं, दूर केलं, तरी कुत्र्याच्या नाकाला काम लागतंच. दिवसभर साखळीला असलेलं कुत्रं सुटलं की एका कोपऱ्यावर तुटून पडतं, यात नवल काय? कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये एक प्रयोग मांडला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वासानं खाऊ शोधायचं काम दिलं, काहींना मालकाच्या पायाशी चालायचं. नाक वापरणारी कुत्री नंतरच्या चाचणीत जास्त आशेनं वागली. आपल्याला यासाठी काही विकत आणावं लागत नाही. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीचे बारीक तुकडे वाळलेल्या पाल्यात किंवा जुन्या गोणपाटाच्या घड्यांत लपवा आणि सकाळी ऊन चढायच्या आत, संध्याकाळी जमीन निवाल्यावर, दहा-पंधरा मिनिटं शोधू द्या. जागा रोज तीच ठेवा, नको असलेल्या कोपऱ्यापासून लांब. भाकरीला कांदा-लसणाची चटणी लागलेली नको.

बीळ बुजवलं, माती बदलली, तरी पहिले काही दिवस कुत्रं सवयीनं त्या जागी जाऊन येईल. पण तिथला वेळ रोज कमी होत गेला पाहिजे. दोन आठवड्यांनंतरही ते त्याच आवेशानं उकरत असेल तर मूळ कारण अजून तिथंच आहे: सगळी तोंडं पुन्हा ओल्या मातीनं लिंपा, आणि सकाळी शेजारच्या भिंतीच्या त्या बाजूलाही एक चक्कर मारून या.